आवाज कुठे उतरवावा? : घरगुती ध्वनियंत्रणेतील व्हॉल्यूम नियंत्रणाच्या अभ्यासाची प्रस्तावना

घरातल्या म्युझिक सिस्टिमचा सर्वांत जास्त हाताळला जाणारा भाग म्हणजे व्हॉल्यूमचे बटण. ते आवाज वाढवते, असा सर्वसाधारण समज आहे. प्रत्यक्षात ते जवळजवळ नेहमीच आवाज कमी करत असते. वाढवण्याचे काम पॉवर ॲम्पचे, आणि तो ते एकाच ठरलेल्या पटीत करतो. बटण कुठे आहे याची त्याला गंधवार्ताही नसते. ॲम्पपर्यंत किती पोहोचू द्यायचे आणि किती वाटेतच सोडून द्यायचे, एवढाच बटणाचा अधिकार.

किती सोडून द्यायचे याचा हिशेब एकदा मांडून पाहावा. सीडी प्लेअर किंवा आजचा टेबलावरचा डॅक, म्हणजे आकड्यांतले संगीत विजेच्या लहरींत उतरवणारे यंत्र, पूर्ण जोरावर साधारण २ व्होल्ट देतो. बऱ्याच घरगुती पॉवर ॲम्पमध्ये त्याचे वीसपट होतात, म्हणजे ४० व्होल्ट. ८ ओहमच्या स्पीकरला ४० व्होल्ट दिले की २०० वॉट झाले. स्पीकरची सेन्सिटिव्हिटी ८७ डेसिबेल धरली (२.८३ व्होल्टला १ मीटरवर मिळणारा आवाज), तर हे सारे मिळून १ मीटरवर ११० डेसिबेल भरते. एवढ्या आवाजात घरात कोणी गाणे ऐकत नाही, आणि ऐकायचे ठरवले तरी शेजारी ऐकू देत नाहीत. रात्रीची जेवणे झाल्यावर लावलेल्या यमनाचा सर्वांत चढा क्षणसुद्धा ७० डेसिबेलच्या पुढे जात नसेल, तर आपण ४० डेसिबेल उतरवून ऐकत असतो. २ व्होल्टमधले २० मिलिव्होल्ट ठेवून बाकीचे टाकून देतो. शंभरातला एक भाग कामाचा, नव्व्याण्णव नकोत.

हे टाकून देणे कुठे आणि कसे करावे, हा या पुस्तकाचा विषय आहे. ऐकणाऱ्यांत त्यावरून दोन पंथ पडले आहेत. एकाचे म्हणणे असे, की डिजिटल व्हॉल्यूम संगीताचे बिट कुरतडतो, म्हणून पॉटला (पोटेन्शिओमीटर, म्हणजे हाताने फिरवायचे ॲनालॉग बटण) पर्याय नाही. दुसरा म्हणतो, पॉट ही घासणारी, खरखरणारी, दोन बाजूंना दोन माप देणारी वस्तू. तिच्याऐवजी शुद्ध गुणाकार केव्हाही बरा. दोघांपाशी पुरावे आहेत आणि ते खोटे नाहीत. पण निवड करताना मला त्यांच्यापेक्षा उपयोगी पडलेला प्रश्न वेगळा आहे. आवाज उतरवण्याची जागा साखळीत कुठे आहे? तिच्या आधी कोणता नॉइज मिसळून चुकला आहे, आणि तिच्या नंतर कोणता मिसळायचा आहे? आधीचा नॉइज गाण्याबरोबर खाली उतरतो, नंतरचा उतरत नाही. पुढची बहुतेक प्रकरणे या एका निरीक्षणाचा विस्तार आहेत.

हे निरीक्षण विजेच्या आधीपासूनचे आहे. १९०६ साली अमेरिकेत व्हिक्टर टॉकिंग मशीन कंपनीने व्हिक्ट्रोला हा कपाटवजा ग्रामोफोन आणला. तोवर बाहेर उमललेला असायचा तो कर्णा त्यांनी कपाटाच्या पोटात वळवून बसवला आणि त्याच्या तोंडाशी दारे लावली. दारे लोटली की आवाज दबे, सताड उघडली की मोकळा होई. जोडीला सुया होत्या: मोठ्या आवाजाच्या जाड, मंद आवाजाच्या बारीक. दाराची जागा साखळीच्या अगदी शेवटी असल्यामुळे गाणे आणि तबकडीची खरखर दोन्ही त्याने एकदमच दबत. खरे तर दार बारीक, तार ध्वनींना जास्त अडवी, म्हणून खरखर गाण्यापेक्षा चार बोटे अधिकच दबे. पुढे १९२० च्या दशकातल्या बॅटरीवरच्या काही रेडिओंत वाल्वच्या फिलामेंटला जाणारा करंटच कमी करून आवाज उतरवत. वाल्वला अर्धपोटी ठेवण्याचाच हा प्रकार, आणि अर्धपोटी वाल्व गातही तसाच असे. जागा चुकली की उतरवलेला आवाज नुसता लहान होत नाही, बिघडतो. त्याचा हा बहुधा पहिला मोठा धडा.

डेसिबेलही त्याच दशकातला. दूरध्वनीच्या लांब तारांत आवाज किती हरवतो हे मोजण्यासाठी अमेरिकेतल्या बेल कंपनीचे इंजिनिअर आधी ‘प्रमाणित केबलचे इतके मैल’ असे माप वापरत. त्याच्या जागी हे गुणोत्तराचे एकक आले. एकक जन्मले ते घट मोजायला, म्हणून आपल्या कामाला ते चपखल बसते. वाचकाने चार आकडे लक्षात ठेवले की पुरे: ६ डेसिबेल उतरवले की व्होल्टेज निम्मे, २० उतरवले की दहावा भाग, ४० ला शंभरावा, ६० ला हजारावा. पुढे समीकरणे येतील तेव्हा त्यांतही बहुतेक याच आकड्यांची बेरीज-वजाबाकी आहे.

आता पॉट. रेडिओचा कान पिळणे म्हणतात, तो कान हाच. आत कार्बनचा एक वळलेला पट्टा, त्यावरून सरकणारा धातूचा स्पर्श, आणि बाहेर तीन तारा. पट्ट्याच्या एका टोकाला सिग्नल, दुसरे टोक जमिनीला, आणि मधला स्पर्श जिथे असेल तेवढा वाटा पुढे. यापेक्षा सोपे काही नाही. पण कान गुणोत्तराने ऐकतो. पट्टा सर्वत्र सारखा ठेवला, तर बटण अर्ध्यावर आणूनही आवाज फक्त ६ डेसिबेल उतरतो, आणि उरलेली सगळी मजा शेवटच्या इंचभर वळणात कोंबली जाते. म्हणून ऑडिओसाठी लॉगरिदमिक चढणीचा पॉट लागतो. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरच्या दुकानात पॉट मागताना आकड्याआधी ए की बी ते सांगावे लागते, ते याचसाठी: ए म्हणजे लॉग, बी म्हणजे सरळ. मात्र खरी लॉग चढण बनवणे महाग पडते. स्वस्त पॉटमध्ये वेगवेगळ्या रोधाचे दोन-तीन सरळ पट्टे जोडून तिची नक्कल केलेली असते.

स्टिरिओला एकाच दांड्यावर असे दोन पट्टे लागतात, आणि दोष इथेच उघडा पडतो. वरच्या भागात दोन पट्टे एकमेकांशी बऱ्यापैकी जुळतात. खाली, पट्ट्याच्या तळाशी, जुळत नाहीत. डावा उजव्यापेक्षा दोन-तीन डेसिबेलने पुढे-मागे होणे साध्या पॉटमध्ये नवलाचे नाही. आणि आपला हिशेब आठवा: रात्री आपण ४० डेसिबेल उतरवून, म्हणजे नेमके तळाशी ऐकतो. मध्यभागी बसलेला गायक हळूच डावीकडे सरकतो, तानपुरे एका बाजूला जमा होतात. ॲनालॉगचे कैवारी बिटांबद्दल बोलताना हे विसरतात, याचे मला नेहमी आश्चर्य वाटते. बिटांचा तोटा ऐकू येण्यासाठी शांत खोली आणि तयार कान लागतो. गायक सरकलेला घरातल्या कोणालाही कळतो.

खरखरीबद्दल एक व्यवहारातली सूचना इथेच देऊन टाकतो, कारण ती मुख्य मजकुरात कुठे धड बसली नाही. पॉट फिरवताना खरखर आली की आपण धूळ समजून स्प्रे मारतो, आणि बऱ्याचदा ते बरोबरही असते. पण नवा पॉट बसवूनही खरखर राहिली, तर पॉटच्या अलीकडचा कपॅसिटर तपासावा. तो गळू लागला की डीसी व्होल्टेज पट्ट्यावर येते, आणि मग स्वच्छातला स्वच्छ पॉटही कुरकुरतो.

ज्यात वीजच लागत नाही अशा नुसत्या पॉटच्या, पॅसिव्ह प्रीॲम्पची मोठी भलामण होते: मध्ये काही नाही, म्हणून काही बिघडत नाही. मध्ये काही नाही हे खरे नाही, केबल असते. १०० किलो-ओहमचा पॉट ६ डेसिबेलवर असताना पुढच्या केबलला तो २५ किलो-ओहमचा दिसतो. केबलची धारिता सगळी मिळून ५०० पिकोफॅरड असेल, तर १२.७ किलोहर्ट्झलाच ३ डेसिबेलची घट झालेली असते. झांजेची धार, तंबोऱ्याची जवारी वरून बोथट होते, आणि मालक त्याला ‘मऊ, ॲनालॉग’ आवाज म्हणतो. १० किलो-ओहमच्या पॉटला हीच मर्यादा दहापट वर, ऐकण्याच्या पलीकडे जाते. तेव्हा दोष पॅसिव्ह असण्यात नाही, चुकीच्या आकड्याचा पॉट घेण्यात आहे.

पॉटचे हे दुखणे ओळखून ज्यांनी उत्तम इलाज केला त्यांत ब्रिटिश इंजिनिअर पीटर बॅक्सांडल यांचे नाव पुढे येते. १९५२ मध्ये त्यांनी ‘वायरलेस वर्ल्ड’ या मासिकात मांडलेला बास-ट्रेबलचा टोन कंट्रोल जगभरच्या ॲम्पांत शिरला. व्हॉल्यूमसाठीची त्यांची युक्ती तेवढी गाजली नाही, पण अधिक देखणी आहे. तिच्यात सरळ चढणीचा पॉट ॲम्प्लिफायरच्या फीडबॅकमध्ये बसतो. लॉगसारखी चढण मंडलातून आपोआप निघते, आणि पट्ट्याचा एकूण रोध थोडा कमी-जास्त असला तरी फरक पडत नाही, म्हणून दोन बाजू जुळून राहतात. शिवाय आवाज उतरवताना मंडलाची पटच कमी होते, त्यामुळे नॉइजही उतरतो. आपला मूळ प्रश्न इथे ॲनालॉगच्या अंगणातच सुटलेला दिसतो. या मंडलाला मी एक अख्खे प्रकरण दिले आहे. ते कोणाला जास्त वाटेल; मला नाही वाटत.

रोधांची शिडी आणि रोटरी स्विच, रिले टकटकवणारे ॲटेन्युएटर, निरनिराळ्या टॅपांचे ट्रान्सफॉर्मर यांची चर्चा त्यामानाने आटोपशीर आहे. पैसे असतील तर शिडी उत्तम. दोन बाजूंची जुळणी रोधांच्या अचूकतेवर ठरते, आणि एक टक्क्याचे रोध आज काही रुपयांत मिळतात.

एका गैरसमजाला मात्र उंबऱ्यावरच थांबवले पाहिजे. समोरच्या काचेवर उणे ३२.५ असा आकडा दिसतो, रिमोटने तो अर्ध्या-अर्ध्या डेसिबेलने सरकतो, म्हणून व्हॉल्यूम डिजिटल आहे असे लोक धरून चालतात. क्रिस्टलची सीएस ३३१० किंवा बर-ब्राउनची पीजीए २३११ ही चिप बसवलेल्या ॲम्पांत हुकूम तेवढा डिजिटल असतो. सिग्नल पहिल्यापासून शेवटपर्यंत ॲनालॉगच राहतो. चिपच्या आत सिलिकॉनवर कोरलेली रोधांची शिडी आहे आणि इलेक्ट्रॉनिक स्विच तिच्या पायऱ्या निवडतात. उणे ९५.५ पासून अधिक ३१.५ डेसिबेलपर्यंत अर्ध्या डेसिबेलची पायरी, आणि दोन बाजूंची जुळणी पॉटच्या स्वप्नातही न येणारी. ‘डिजिटल व्हॉल्यूमचा कोरडेपणा’ ऐकू आल्याची तक्रार जेव्हा अशा ॲम्पबद्दल येते, तेव्हा कानाआधी डोळ्यांनी निकाल दिलेला असतो.

खरा डिजिटल व्हॉल्यूम म्हणजे गुणाकार. सीडीवर दर सेकंदाला ४४,१०० वेळा, दोन्ही बाजूंसाठी, १६ बिटांचा एक आकडा येतो. आवाज निम्मा हवा तर प्रत्येक आकड्याला ०.५ ने गुणावे, शंभरावा हवा तर ०.०१ ने. चढण हवी तशी, दोन बाजू तंतोतंत सारख्या, झीज नाही, धूळ नाही. अडचण गुणाकारानंतर सुरू होते. उत्तर मूळ आकड्यापेक्षा लांब येते, आणि ते पुन्हा १६ बिटांत बसवायचे तर शेपूट तोडावे लागते. दर ६ डेसिबेलला साधारण एक बिट, हा कोष्टकातला नियम. ४८ डेसिबेल उतरवले की मोठ्यात मोठ्या क्षणाला ८ बिट उरतात, आणि त्याहून ३० डेसिबेल खाली विरत चाललेल्या तानपुऱ्याला जेमतेम ३. तीन बिटांत तानपुरा मावत नाही. नुसते शेपूट तोडले तर जी चूक होते ती सिग्नलला चिकटून राहते. ती नॉइजसारखी सपाट सूं-सूं न होता स्वराबरोबर हलणारी, किरकिरी विकृती होते. १६ बिटांच्या जुन्या यंत्रांत, असे शेपूट तोडणाऱ्या व्हॉल्यूमने ज्यांचे कान पोळले, त्यांचा राग समजण्यासारखा आहे. तो राग पुढच्या पिढीने कारण न विचारता वारशाने घेतला, एवढीच तक्रार.

उपाय फार आधीपासून माहीत होता, आणि तो ऐकायला उफराटा वाटतो: शेपूट तोडण्याआधी आकड्यांत थोडा नॉइज मुद्दाम मिसळायचा. चाळणी स्थिर धरून पीठ ओतले तर ते वर अडून राहते; हलवत राहिले तर बारीक कणही आपापल्या प्रमाणात खाली जातात. या नॉइजला डिदर म्हणतात. लॉरेन्स रॉबर्ट्स यांनी १९६२ मध्ये तो चित्रांसाठी वापरून दाखवला. ध्वनीच्या बाबतीत कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठाचे जॉन व्हँडरकॉय आणि स्टॅन्ली लिपशिट्झ यांनी १९८० च्या दशकात त्याचा पाया पक्का केला. योग्य मापाचा, त्रिकोणी वाटपाचा डिदर घातला, की चुकीचा सिग्नलशी असलेला संबंध तुटतो. ऐकू येते ती संथ, न बदलणारी सूं-सूं, आणि तिच्या तळातून, सर्वांत खालच्या बिटाच्याही खालून, तानपुरा अखंड ऐकू येत राहतो. डिजिटल म्हणजे पायऱ्या आणि पायरीखाली शून्य, ही पाठ्यपुस्तकी आकृती ज्यांच्या डोक्यात घट्ट बसली आहे त्यांनी डिदरचे प्रकरण आधी वाचावे.

आज तर १६ बिटांची कोंडीही उरलेली नाही. सीडीचे १६ बिट २४ बिटांच्या डॅकला देताना खाली ८ जागा मोकळ्या राहतात. त्या भरेपर्यंत ४८ डेसिबेल उतरवता येतात. विंडोजमधला आवाजाचा मिक्सर व्हिस्टापासून ३२ बिटांच्या फ्लोटिंग पॉइंट आकड्यांत चालतो, आणि मॅकमध्येही तसेच. संगणकाच्या सेटिंगमध्ये डॅक १६ ऐवजी २४ बिटांवर ठेवला आहे ना, एवढे पाहिले की ‘बिट गळण्याची’ भीती घरगुती वापरापुरती संपते.

मग वाद संपला का? नाही, तो दुसऱ्या खोलीत गेला. गुणाकार डॅकच्या आधी होतो. डॅकच्या पोटातल्या आणि त्यापुढच्या ॲनालॉग मंडलाचा नॉइज त्या गुणाकारानंतर मिसळतो, म्हणून तो उतरत नाही. कोणत्याही रोधात, केवळ त्याला काही तापमान आहे म्हणून, नॉइज असतो; १९२८ मध्ये बेल प्रयोगशाळेतल्या जॉन्सन यांनी त्याची मोजमापे प्रसिद्ध केली आणि नायक्विस्ट यांनी त्याचे गणित दिले. १० किलो-ओहमचा साधा रोध ऐकण्याच्या पट्ट्यात सुमारे १.८ मायक्रोव्होल्ट देतो. २ व्होल्टच्या तुलनेत हे १२१ डेसिबेल खाली आहे. २४ बिटांचा शेवटचा बिट मात्र १४४ डेसिबेल खाली, सुमारे ०.१२ मायक्रोव्होल्टवर असतो. म्हणजे डब्यावर २४ किंवा ३२ काहीही छापलेले असो, प्रत्यक्षातला चांगला डॅक १२० डेसिबेलच्या, अर्थात २० बिटांच्या आसपास थांबतो. अशा डॅकमध्ये ४० डेसिबेल डिजिटली उतरवले, तर गाणे उतरते, नॉइज आहे तिथेच राहतो, आणि दोहोंतले अंतर ८० डेसिबेल उरते. तेच ४० डेसिबेल डॅकनंतर, ॲनालॉग पॉटने उतरवले तर गाणे आणि डॅकचा नॉइज दोन्ही उतरतात. मग तळ ठरवतो तो पॉटचा आणि पॉवर ॲम्पचा स्वतःचा नॉइज, आणि त्यातला ॲम्पचा तर दोन्ही व्यवस्थांत तसाच असतो.

कागदावर ॲनालॉग इथे स्पष्ट जिंकते. पण कागदाला कान नसतात. १२० डेसिबेलच्या डॅकचा नॉइज २ मायक्रोव्होल्ट. वीसपट करून ४० मायक्रोव्होल्ट स्पीकरवर. ८७ डेसिबेलच्या स्पीकरपासून १ मीटरवर त्याचा आवाज होतो उणे १० डेसिबेल. माणसाच्या श्रवणाचा उंबरठा शून्याच्या आसपास. खोली रिकामी, पंखा बंद, रस्ता झोपलेला असला तरी हा नॉइज ऐकू येणार नाही. मग त्याचे ८० की १२० यावर भांडण कशाला? आता डॅक साधा, ९६ डेसिबेलचा घ्या. नॉइज १ मीटरवर १४ डेसिबेल होतो. शहरातल्या फ्लॅटमध्ये रात्रीसुद्धा तो पार्श्वभूमीत बुडतो. पण हाच डॅक आणि हाच ॲम्प १०५ डेसिबेलच्या हॉर्न स्पीकरला जोडा. नॉइज ३२ डेसिबेल! विलंबित खयालाच्या पहिल्या आवर्तनाआधी हिस ऐकू येईल, आणि व्हॉल्यूम शून्यावर नेला तरी जाणार नाही. हॉर्नवाले डिजिटल व्हॉल्यूमला नावे ठेवतात आणि बुकशेल्फ स्पीकरवाले त्यांना वेड्यात काढतात, तेव्हा दोघेही आपापल्या घरापुरते खरे बोलत असतात.

उपाय दोन्हींच्या मध्ये आहे, आणि तो स्वस्त आहे. डॅक आणि पॉवर ॲम्पच्या मध्ये दोन रोधांचा, कायमचा २० डेसिबेलचा ॲनालॉग उतार बसवा. हॉर्नवरची ती ३२ ची हिस १२ वर येईल. मग रोजचा चढउतार डिजिटलने करा. सुरुवातीच्या ८७ डेसिबेलच्या स्पीकरवर तो आता ४० ऐवजी २० डेसिबेलच्या आसपास खेळेल. मोठा उतार ॲनालॉगने, बारीक फरक डिजिटलने. माझा कल विचाराल तर तो इकडेच आहे. काही डॅकांत आणि स्टुडिओ मॉनिटरांत मागच्या बाजूला असा खटका मुळातच दिलेला असतो. लोक त्याला हात लावत नाहीत.

सुरक्षिततेचा मुद्दा मात्र बिटांहून आणि नॉइजहून वजनदार आहे. डॅक थेट पॉवर ॲम्पला जोडला आणि व्हॉल्यूम सॉफ्टवेअरवर सोपवला, की अपडेटने किंवा दुसऱ्या ॲपने तो १०० टक्क्यांवर नेल्यास सुरुवातीला मोजलेले ११० डेसिबेल खरोखरच खोलीत येतात. ट्वीटर जाऊ शकतो. कान जाऊ शकतात. हेडफोनवर तर विचारायलाच नको. हाताने फिरवलेला पॉट वीज गेली तरी होता तिथेच राहतो. वर सांगितलेला २० डेसिबेलचा कायमचा उतार याही संकटात आडवा येतो.

डिजिटलची बाजू ऐकताना तीन गोष्टी सुटू नयेत. एक, अलीकडच्या पुष्कळ ध्वनिमुद्रणांत आकडे थेट कमाल मर्यादेला टेकलेले असतात, आणि दोन आकड्यांच्या मधली खरी लहर त्या मर्यादेवर जाते. डॅकच्या फिल्टरला तिथे जागा नसली तर लहर कापली जाते. दोन-तीन डेसिबेल आधीच डिजिटली उतरवले तर ती बहुतेक वेळा वाचते. इथे साखळीच्या सुरुवातीला उतरवणेच हिताचे. दुसरी गोष्ट उलट दिशेची: एसएसीडीच्या एका बिटाच्या डीएसडी प्रवाहाला गुणाकार करताच तो एका बिटाचा राहत नाही, त्यामुळे तो जसाच्या तसा डॅकला द्यायचा तर व्हॉल्यूम पुढे ॲनालॉगमध्येच करावा लागतो. तिसरी, ब्लूटूथ. काही जोड्यांत फोन सिग्नल तसाच ठेवून व्हॉल्यूमचा आकडा तेवढा पाठवतो आणि हेडफोन स्वतः आवाज उतरवतो, काहींत फोन आधी उतरवून मग सिग्नल आवळतो. बटण तेच, जागा वेगळी.

यंत्रे सोडून कानाकडे वळलो की विषय आणखी रुंदावतो. हार्वी फ्लेचर आणि मनसन यांनी १९३३ मध्ये दाखवले, की आवाज उतरला की कानाला खर्ज सर्वांत आधी कमी वाटू लागतो. रात्री हळू लावलेल्या तबल्यातला बायाँ पातळ का होतो याचे उत्तर पॉटमध्ये नाही आणि बिटांतही नाही, ते आपल्यात आहे. जुन्या ॲम्पांवरचे ‘लाउडनेस’ बटण त्यावरचा तोडगा होते. पॉटच्या पट्ट्याला मध्येच एक टॅप काढून ते खर्ज उचलून धरत असे. पण खोलीत खरोखर किती डेसिबेल आहेत हे त्या बिचाऱ्याला कळत नसे; स्पीकर बदलला की अंदाज चुकला. डिजिटल नियंत्रणाला एकदा मोजून सांगितले तर हा आकडा कळू शकतो आणि प्रत्येक पायरीला खर्जाची नेमकी भरपाई करता येते. डिजिटलच्या बाजूचा सर्वांत भक्कम युक्तिवाद मला हाच वाटतो, आणि पंथांच्या भांडणात तो क्वचितच निघतो.

तुलना करणाऱ्यांसाठी एक अट या पुस्तकात सगळीकडे पाळली आहे. दोन नियंत्रणे ऐकून ठरवताना दोघांचा आवाज ०.१ डेसिबेलच्या आत जुळवलेला असला पाहिजे. म्हणजे स्पीकरच्या टोकांवर व्होल्टेजमध्ये साधारण एक टक्क्याहून जास्त फरक नको. किंचित मोठा आवाज मोठा म्हणून ऐकू येत नाही, ‘मोकळा’, ‘जिवंत’ म्हणून ऐकू येतो. जुळवणी कानाने करू नये. ३०० हर्ट्झचा स्वर लावून साध्या मल्टिमीटरने करावी. स्वस्त मीटर १ किलोहर्ट्झला चुकू शकतात, ३०० ला बहुतेक बरोबर दाखवतात.

ज्यांना गणिताचे वावडे आहे त्यांनी पॉट, मंडले आणि कान ही प्रकरणे वाचून डिदरचे गणित खुशाल ओलांडावे. पुढे अडणार नाही. हेडफोनवर ऐकणाऱ्यांनी सुरक्षिततेच्या प्रकरणापासून सुरुवात केलेली बरी. आणि सर्वांनीच पहिल्या प्रकरणाआधी आपल्या पॉवर ॲम्पची पट शोधून ठेवावी, कारण पुढचा प्रत्येक हिशेब तिच्यापासून सुरू होतो. माहितीपत्रकात ती सरळ दिलेली नसली तर काढता येते: ८ ओहमला १०० वॉट म्हणजे २८.३ व्होल्ट, आणि इनपुट सेन्सिटिव्हिटी १ व्होल्ट लिहिली असेल तर पट २८.३, म्हणजेच २९ डेसिबेल.